टाचणीएवढी जखम : डिझेल मिस्त्रींसाठी चार शब्द

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघण्याच्या तयारीत होती. या दिवसांत ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो दुरुस्त करून घेण्याची एकच घाई उडते आणि गॅरेजवाल्यांना रात्र पुरत नाही. एका संध्याकाळी दवाखाना बंद करता करता डिझेल पंपाच्या दुकानात काम करणारा एक तरुण मिस्त्री आला. बोटाला फडके गुंडाळलेले होते.

"डॉक्टरसाहेब, विशेष काही नाही. नोझल चेक करताना बोटाला जरासं टोचलं. धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं देऊन टाका. गाड्या खोळंबल्यात."

मी बोट पाहिले. डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर टाचणी टोचावी तेवढा एक ठिपका होता. रक्त नाही, सूज नाही. बोट वाकत होते, सरळ होत होते. थोडे बधिर वाटते, एवढेच तो म्हणाला. मी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, दुखण्यावरच्या चार गोळ्या दिल्या आणि त्याला जाऊ दिले.

पहाटे चार वाजता घराचे दार वाजले. तोच मुलगा, सोबत त्याचा मोठा भाऊ. बोट दुप्पट सुजले होते, टोक पांढरे-निळे पडले होते, ठणका कोपरापर्यंत चढला होता. त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवले. शस्त्रक्रिया झाली, हात वाचला; पण तर्जनी मधल्या पेरापासून काढावी लागली.

या प्रकरणात त्या मुलाची चूक कमी आणि माझी जास्त होती. त्याने 'नोझल' हा शब्द उच्चारला होता आणि त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पुढे मी मुद्दाम त्याच्या दुकानात जाऊन बसलो आणि ते यंत्र पाहिले. आजचा लेख त्या बाकावर बसून शिकलेल्या धड्याचा आहे. मिस्त्रींनी तो वाचावाच. परंतु ज्यांच्या घरात कोणी गॅरेजमध्ये कामाला जातो त्या आई-वडिलांनी आणि ज्यांच्या दारात पिकअप उभी आहे त्या मालकांनीही वाचावा.

नोझल म्हणजे काय?

पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा साधारण पंधरा ते वीस पटींनी दाबली जाते. सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड गरम होते, तसाच हा प्रकार. फक्त येथे हवा इतकी तापते की तिच्यात डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. मात्र ते धुक्यासारखे बारीक फवारले गेले पाहिजे. थेंब पडले तर नीट जळत नाही. हा फवारा उडवणारा भाग म्हणजे नोझल, अर्थात इंजेक्टर. त्याची छिद्रे केसाएवढी बारीक असतात आणि त्यांतून डिझेल बाहेर काढायला प्रचंड दाब लागतो.

हा दाब किती? कारच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन-अडीच किलोचा दाब असतो. माणसाची कातडी भेदण्यासाठी साधारण सात किलोचा दाब पुरतो. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात नोझल उघडते ते दोनशे किलोच्या आसपास. म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल! आणि हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब सोळाशे किलो किंवा त्याहूनही अधिक असतो. नखाएवढ्या जागेवर सोळा क्विंटल वजन, ही कल्पनाच करून पाहा.

दुकानात नोझल तपासण्यासाठी हाताने दाबायचे एक यंत्र असते. त्यावर नोझल बसवायचे, दांडा दाबायचा, घड्याळावर दाब बघायचा आणि फवारा कसा पडतो ते पाहायचे. फवारा सारखा व धुक्यासारखा पडला तर नोझल चांगले. पिचकारी उडाली किंवा टोकाशी थेंब लोंबला तर खराब. त्या मुलाने एका हाताने दांडा दाबला आणि 'थेंब लोंबतोय का' हे बघायला दुसऱ्या हाताचे बोट पुढे नेले. उजवा हात कामात गुंतलेला असतो, म्हणून अशी जखम बहुधा डाव्या तर्जनीलाच होते.

बोटाच्या आत काय घडते?

इतक्या दाबाने निघालेली डिझेलची धार सुईपेक्षाही सफाईने कातडीतून आत शिरते. आत शिरल्यावर ती हाडाला व स्नायुरज्जूला आपटते आणि स्नायुरज्जूच्या नळीसारख्या आवरणातून बोटभर, कधी तळहातापर्यंत पसरते. बाहेर छिद्र टाचणीएवढे; आत मात्र सारे बोट डिझेलने भरलेले. कातडीचे तोंड लगेच मिटते, त्यामुळे डिझेल परत बाहेर येत नाही.

मग तीन गोष्टी होतात. पहिली, बोटासारख्या अरुंद जागेत दाब वाढतो आणि रक्तवाहिन्या चेपल्या जातात. दुसरी, डिझेल आतील चरबी व नाजूक पेशी जाळते आणि सूज आणखी वाढते. तिसरी, रक्त न मिळालेल्या भागात एक-दोन दिवसांत जंतूंचा शिरकाव होतो. पहिले काही तास रुग्णाला फारसे दुखत नाही. बोट बधिर वाटते, जड वाटते. हेच न दुखणे घात करते. ठणका सुरू होतो तोवर वेळ निघून गेलेली असते.

वैद्यकशास्त्राला ही जखम नवी नाही. १९३७ साली अमेरिकेतील डॉ. रीस यांनी अशा जखमेची नोंद प्रसिद्ध केली, ती डिझेल इंजिनाच्या दाबाने शिरलेल्या इंधनाचीच होती. २००६ साली जगभरातील ४३५ रुग्णांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३० टक्के रुग्णांचे बोट किंवा हाताचा काही भाग कापावा लागल्याचे आढळले. अशा द्रवांच्या बाबतीत पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाल्यास बोट वाचण्याची शक्यता वाढते, हेही त्यातून स्पष्ट झाले. सहा तास! आपल्याकडे आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या गावाहून मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाच दोन-तीन तास लागतात. घरी जाऊन 'सकाळी बघू' म्हणायला येथे जागाच नाही.

अशी जखम झाल्यास

(१) जखम कितीही लहान दिसो आणि दुखत नसो, काम तिथेच थांबवा. किती वाजता झाले ते लक्षात ठेवा.

(२) बोटातील अंगठी लगेच काढा. सूज चढल्यावर ती निघत नाही. जखम साध्या साबण-पाण्याने वरवर धुवा आणि हात छातीच्या वर उंच धरा.

(३) बोट दाबून, पिळून डिझेल बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नका. ते आणखी आत पसरते. चिरा देऊ नका, तोंडाने चोखू नका, दोरीने बांधू नका. गरम पाण्याचा शेक किंवा बर्फ लावू नका. हळद, चुना, ग्रीस काहीही भरू नका.

(४) शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून तपासणी होईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका.

(५) जेथे हाताची शस्त्रक्रिया होऊ शकते अशा रुग्णालयात थेट जा. बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, यांपैकी जे जवळ असेल ते गाठा आणि वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. निघण्यापूर्वी फोनवर सर्जन हजर आहेत का याची चौकशी कोणाला तरी करायला सांगा.

(६) डॉक्टरांना 'टोचले' असे सांगू नका. 'जास्त दाबाने डिझेल बोटात शिरले आहे, दाब इतका होता, वेळ अमुक होती' असे सांगा. या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. पंचवीस वर्षांपूर्वी हे वाक्य मला कोणी सांगितले असते आणि ते समजण्याइतके ज्ञान मला असते, तर एक बोट वाचले असते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. अशा बोटाला भूल देण्यासाठी बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊ नये. आतला दाब आणखी वाढतो. धनुर्वाताची लस द्यावी, प्रतिजैविक सुरू करावे आणि रुग्णाला चिठ्ठी लिहून त्वरित पुढे पाठवावे.

आणखी एक लक्षात ठेवावे. हीच जखम ग्रीस गनने, रंगाच्या फवाऱ्याने, गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने आणि जेसीबी किंवा ट्रॉलीच्या हायड्रॉलिक पाइपला पडलेल्या बारीक छिद्रानेही होते. उपचार आणि घाई तीच.

जुनी रीत, नवे इंजिन

एखादी पिकअप 'मिसिंग करते, उचलत नाही' म्हणून गॅरेजला आली की चारपैकी कोणता सिलिंडर बंद आहे हे शोधण्याची एक जुनी रीत आहे. इंजिन चालू ठेवायचे आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट पान्याने सैल करायचा. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता; आवाज बदलला नाही तर दोष तिथेच. रीत बिनचूक आहे आणि उस्तादाकडून शिष्याला अशीच मिळत आली आहे. जुन्या इंजिनावरही ती जपूनच करावी लागे.

परंतु कॉमन रेल इंजिनावर ही रीत म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. तेथे एका जाड नळीत डिझेल सतत सोळा क्विंटलच्या दाबाखाली थांबलेले असते. देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि त्यानंतर आलेल्या डिझेल पिकअप याच पद्धतीच्या आहेत. जुन्या गाडीवर वीस वर्षे हात बसलेला मिस्त्री सवयीने नट सैल करतो आणि धार बोटात, मनगटात किंवा डोळ्यात शिरते. हातात निळे रबरी मोजे असले तरी उपयोग नाही. जी धार कातडी भेदते ती मोजाही भेदते.

अशा गाडीला स्कॅनर लावावा. रेलमधला दाब किती आहे, कोणत्या सिलिंडरला इंजिन जास्त-कमी डिझेल देऊन सावरून घेत आहे, हे त्यावर दिसते. इंजेक्टरांच्या रिटर्न पाइपला लहान बाटल्या लावून परत येणारे डिझेल मोजले तर ज्या इंजेक्टरचे डिझेल जास्त परत येते तो झिजलेला, हे कळते. रिटर्नच्या बाजूला दाब कमी असल्याने ही तपासणी पुष्कळ सुरक्षित आहे. जोडणी सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे आणि दाब उतरल्याची खात्री करावी. गळती शोधायची असेल तर हात फिरवू नये. लांब पकडीत पुठ्ठा धरून तो फिरवावा. पुठ्ठ्यावर ओला डाग पडला तर गळती सापडली. पुठ्ठा दोन रुपयांचा असतो.

उरलेली चार इंद्रिये

आमच्या शिक्षकांनी आम्हाला शिकवले की रुग्णाला बघा, हात लावा, ऐका आणि मग बोला. चांगला मिस्त्रीही असाच तपासतो. डोळ्याने धूर पाहतो, नाकाने वास घेतो, कानाने ठोके ऐकतो आणि प्रसंगी तोंडही वापरतो. बोटाचे आपण पाहिले. इतरांचे थोडक्यात पाहू.

तोंड : टाकीतले डिझेल काढायला नळी तोंडात धरून ओढणे ही आपल्याकडची सर्रास सवय. घोट पोटात गेला तर मळमळ, जुलाब होतात. त्याची मला फारशी भीती नाही. भीती आहे ती ठसका लागून चमचाभर डिझेल फुप्फुसात गेल्याची. डिझेल पातळ असल्याने फुप्फुसात झपाट्याने पसरते आणि आतून सूज आणते. सुरुवातीला खोकला येतो, काही तासांनी ताप आणि दम लागतो, आणि क्ष-किरण चित्रात न्यूमोनियासारखे डाग दिसतात. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी करवणे फार घातक आहे, कारण उलटीबरोबर डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जाते. चूळ भरावी, कपडे बदलावेत आणि खोकला थांबला तरी रुग्णालयात जाऊन काही तास देखरेखीखाली राहावे. हाताने दाबायचा छोटा पंप बाजारात थोडक्या पैशांत मिळतो. तो प्रत्येक गॅरेजात हवाच. आणि काढलेले डिझेल थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले लहान मूल बाटलीचा आकार पाहते, आतला पदार्थ पाहत नाही. गोड चवीच्या कूलंटचेही तसेच. ते मूत्रपिंड निकामी करू शकते.

डोळे आणि नाक : सायलेन्सरचा धूर म्हणजे इंजिनाची नाडी. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल गळत असेल किंवा टर्बोचा पाइप फुटला असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंग झिजल्या असतील किंवा टर्बोचे सील गेले असेल. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट आत जाते आहे. हेड गॅसकेट पाहावे. हे निदान लांबून, वाऱ्याच्या बाजूला उभे राहूनही होते. त्यासाठी सायलेन्सरशी वाकून धूर छातीत भरून घेण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर याच गटात आहे. याचा अर्थ प्रत्येक मिस्त्रीला फुप्फुसाचा कर्करोग होतो असा नव्हे. पण वर्षानुवर्षे बंद शेडमध्ये धूर घेतल्यास धोका वाढतो आणि त्यावर विडी-सिगारेट ओढल्यास आणखीच वाढतो. थंडीच्या रात्री शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवणे तर लगेच जिवावर बेतू शकते. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असला तरी बंद खोलीत तो साचतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. असे होताच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि मग शटर पूर्ण उघडावे. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

कान : लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून टॅपेट वाजतो की बेअरिंग, हे सांगणारे उस्ताद आपल्या गावात आहेत. हा त्यांचा स्टेथोस्कोपच. पण दिवसभर आठ तास ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजात काम केले तर ऐकू येणे हळूहळू कमी होते आणि सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. बोललेले ऐकू येते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. परंतु टर्बोची बारीक शिटी त्याच्या कानातून केव्हाच गेलेली असते. मिस्त्रीचा कान हा त्याच्या पोटापाण्याचा कान आहे. हवेची गन आणि ग्राइंडर चालवताना कानात बोळे किंवा मफ घालावेत.

कातडी : जळलेल्या काळ्या ऑइलने हात माखलेले आणि ते धुवायला पुन्हा डिझेल किंवा पेट्रोल! यामुळे कातडीतले नैसर्गिक तेल निघून जाते, भेगा पडतात, इसब होतो. १७७५ साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांमध्ये पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे दाखवून दिले. धंद्यातून होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली ओळख होती. पुढे इंग्लंडातील कापड गिरण्यांत यंत्राच्या तेलाने ज्यांच्या विजारी भिजत त्या कामगारांतही तोच रोग दिसला. म्हणून ऑइलने भिजलेले फडके विजारीच्या खिशात ठेवू नये आणि कामाचे कपडे रोज बदलावेत. हात धुताना आधी थोडे खाण्याचे तेल चोळून काळेपणा सुटू द्यावा, मग साबणाने धुवावेत. अंगावरची न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ दिसल्यास दाखवावी.

याखेरीज तीन नियम पाठच करावेत. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. भाजल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे, टूथपेस्ट लावू नये. बॅटरीचे पाणी डोळ्यात उडाल्यास तिथल्या तिथे वीस मिनिटे डोळा पाण्याने धुवावा आणि मगच दवाखान्याकडे धावावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही झोपू नये; खाली मजबूत लोखंडी स्टँड हवेतच.

गाडीमालकांना

"उद्या सकाळी गाडी कारखान्यावर गेली पाहिजे, काहीही करा," असे आपण म्हणतो. मिस्त्री नाही म्हणू शकत नाही. मग दाब उतरण्याची वाट पाहिली जात नाही, स्टँड लावला जात नाही आणि रात्री अकराला झोपेत असलेल्या हेल्परच्या हाती नोझल दिले जाते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्यानेही बंद आहे. गाडी हंगामाच्या दोन आठवडे आधी दाखवा. घाईचे पैसे देण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

शेवटी पुन्हा त्याच मुलाकडे येतो. तो आता मुलगा राहिलेला नाही; त्याचे स्वतःचे दुकान आहे आणि हाताखाली तीन-चार जण आहेत. बोट गेल्यानंतर तो मला एकदा म्हणाला होता, "साहेब, गिऱ्हाईक म्हणतं, थोडासाच आवाज येतोय, चालू द्या. मी त्याला सांगतो, थोडासा आहे तोवरच खोला, नाहीतर इंजिन जाईल. आणि माझंच बोट मी रात्रभर तसंच ठेवलं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इंजिनाचे दुखणे एक दिवसही अंगावर काढू न देणारा माणूस स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढतो.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या दुकानातला एक हेल्पर माझ्याकडे आला. डावी तर्जनी, टाचणीएवढा ठिपका, दुखणे काही नाही. हातात वहीचा फाडलेला कागद होता. त्यावर उस्तादाच्या अक्षरात लिहिले होते : 'नोझलची धार बोटात गेली. दाब २०० किलो. दुपारी ३ वाजून १० मिनिटे. अंगठी काढली. काही खाल्लेले नाही.' तेव्हा घड्याळात साडेतीन वाजले होते. मी त्याला बसूही दिले नाही. चिठ्ठी लिहिली आणि लगेच पुढे रवाना केले. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया झाली. बोटावर लांब व्रण राहिला आहे आणि थंडीत ते आखडते. पण पाना धरते.

तो कागद मी जपून ठेवला आहे. गॅरेजवाल्या वाचकांनी आजच्या अंकातील 'अशी जखम झाल्यास' हा भाग कापून नोझल तपासण्याच्या यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवावा, एवढीच विनंती.